उन्हात पाहिलेला माल

कापूस मी कधी दिव्याखाली घेतला नाही. शेडमध्ये ट्यूबलाइट असला तरी मूठभर कापूस बाहेर उन्हात न्यायचा, तळहातावर पसरायचा, बोटांनी तंतू ओढून पाहायचा आणि मगच भाव बोलायचा. गाडीत कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय मी कोणाच्या शब्दावर जात नाही. वर पांढराशुभ्र आणि खाली पाणी मारलेला, असला माल मी खूप पाहिला. एकोणीस वर्षांचा असताना बैलबाजारात दलाली सुरू केली, तिथून कापसात आलो. या एका सवयीनं मला आजवर फसू दिलं नाही. फसवलं ते एकदाच, आणि तेही या सवयीनंच.

माझी मुलगी यवतमाळच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. तेव्हा तासिका तत्त्वावर होती. जेवढे तास घ्याल तेवढेच, उन्हाळ्यात घरी बसा. पुण्याहून शिकून आली तेव्हा मी म्हटलं, इथं कायले आली? ती म्हणाली, तिकडे सगळ्यांकडे सगळं आहे. मग तिनं अर्ज केले, पत्रं लिहिली, आणि एक दिवस कॉलेजात एक काळा डबा आला. लांबीला टेबलाएवढा. एकएक सुटा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकएक कण, काढून दाखवणारा संच. असे मोजकेच संच कॉलेजांना वर्षभर वापरायला दिले होते. वर्षाअखेर समिती येऊन पाहणार होती. संच नीट चालताना दिसला तर तो इथेच राहणार आणि तो चालवायला तिची नेमणूक होणार. नाही दिसला तर संच मोठ्या शहरातल्या कॉलेजात जाणार, आणि ती पुन्हा तासांवर.

डबा आला त्या आठवड्यात जेवताना मी विचारलं, "त्यात हाय तरी काय?"

"प्रकाश पोत्यातल्या तुरीसारखा असतो, बाबा. दाण्यादाण्यांचा."

"मग एक दाणा काढून दाखव."

"तेच तर वर्षभर करून राह्यली ना मी."

तिनं ताटातल्या वाट्या सरकवून समजावलं. जांभळ्या लेझरचा झोत एका क्रिस्टलवर पडतो. अब्जावधी कणांतला एखादाच तिथे फुटतो आणि त्याचे दोन जुळे कण होतात. एक जुळा एका डिटेक्टरवर आपटून वर्दी देतो की दुसरा निघालाय. दुसरा जातो अर्ध्या आरशाकडे. हा आरसा निम्मा प्रकाश आरपार सोडतो, निम्मा वळवतो. दोन्ही वाटांच्या टोकाला एकएक डिटेक्टर. कण खरोखर एकटा असला तर या टोकाला सापडेल नाहीतर त्या टोकाला, दोन्हीकडे एकदम नाही. हे हजारो वेळा मोजून शेवटी एक आकडा निघतो. आकडा एक आला तर साधा प्रकाश. शून्याच्या जितका जवळ, तितका कण अस्सल एकटा. समितीची अट होती, आकडा अर्ध्याच्या खाली पाहिजे.

"आणि एकटा काढून करायचं काय त्याचं?"

"हिशेब. नव्या तऱ्हेच्या कॉम्प्युटरमध्ये हेच कण गणित करतात. एकाच्या जागी दोन निघाले की गणित नासलं."

"मधात कोणी डोकावून पाह्यलं तं?"

"तर तो तिथंच संपला. त्याला पाहणं म्हणजे त्याला पकडणं. पाहून पुन्हा वाटेला लावता येत नाही."

हे मला लगेच कळलं. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली हात घालून समोरच्याची बोटं धरायची. किती बोटं दाबली, कुठं दाबली, ते त्या दोन हातांनाच ठाऊक. भोवती पन्नास माणसं उभी असतात, पण कोणी दुपट्टा उचलत नाही. उचलला तर सौदा मोडला. मी तिला सांगितलं तर ती हसली. "बाबा, तुमाले तं सगळंच बाजारात दिसते."

एवढं कळूनही मी जे केलं ते केलं. त्यामागं एक माणूस होता.

तिचे विभागप्रमुख. राळेगावकडच्या शेतकरी घरातले, त्या कॉलेजात आयुष्य काढलेले. ते नवीन लागले तेव्हा मी तिथंच बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होतो. सोडियम दिव्याचं प्रॅक्टिकल होतं. मी तीन तास मान मोडून दुर्बिणीतून पाहत एकएक रीडिंग घेतलं होतं. उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जवळजवळ जुळलं. त्यांनी माझी वही वर धरली, सगळ्या बॅचला दाखवली आणि म्हणाले, "इतकं बरोबर कोणाचं येत नसतं. हे घरून लिहून आणलेलं आहे." आणि पान फाडलं. त्या आठवड्यात मी कॉलेज सोडलं. घरी सांगितलं, मन लागत नाही. पुढं मी जे कमावलं ते कमावलं, पण कॉलेजच्या फाटकावरून स्कूटर जाताना दरवेळी मला कागद फाटल्याचा आवाज येई. मुलीला हे कधी सांगितलं नाही. तिला त्या माणसाच्या हाताखाली काम करायचं होतं.

समिती येण्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिला घ्यायला गेलो होतो. ती मुलांच्या वह्या तपासत होती. तेवढ्यात प्रमुख तिच्या प्रयोगाच्या खोलीतून बाहेर पडले. हातात स्क्रू-ड्रायव्हर. मला पाहून त्यांनी काहीतरी खिशात घातलं, मान हलवली आणि निघून गेले. पण माझ्या डोक्यात गणित सुरू झालं. संच आला तो या पोरीच्या नावानं, यांच्या नावानं नाही. उद्या चालला नाही तर कोणाला बरं वाटंल?

सकाळी मी तिच्यासोबतच गेलो. आठलाच तिनं मशीन सुरू केलं. आकडा कालच्यासारखाच आला, शून्याच्या अगदी जवळ. पण मला वाटलं, आता चालून राह्यलं म्हणजे समिती येईल तेव्हा, अकरालाही चालंल कशावरून? तिला खाली इन्व्हर्टर पाहायचा होता, प्रिंट काढायच्या होत्या. तिनं किल्ली माझ्या हातात दिली.

"बाबा, दाराशी बसा. कोणालेच आत जाऊ देऊ नका. मशीन सुरू हाय."

"मी असताना कोण जाते?"

कोणीच गेलं नाही. मी गेलो.

खोलीत अंधार. खिडकीला दुहेरी काळा पडदा. डब्याच्या झाकणावर कागद: उघडू नये. माझ्या खिशात सामानाची यादी होती, संच आला तेव्हा मुलीनं लिहिलेली. काल प्रमुखांच्या खिशात आतलं काही गेलं असेल तर तिच्यावरून कळणार होतं. मी मोबाइलचा उजेड लावून पाहिला, पण तसल्या उजेडात मी आयुष्यात माल पाहिलेला नाही. खिडकी पूर्वेची. मी पडदा बाजूला केला. ऊन सरळ टेबलावर आलं. मग झाकण उचललं.

सगळं जागेवर होतं. क्रिस्टल, आरसे, अर्धा आरसा, तिन्ही डिटेक्टर. एकेकावर बोट न लावता नजर फिरवली, यादीशी ताडून पाहिलं. ऊन एका डिटेक्टरच्या भिंगावर सरळ पडत होतं, ते मी पाहिलंही, पण त्याचा अर्थ मला कळला नाही. बाजूच्या स्क्रीनकडं माझी पाठ होती. दोन मिनिटं, फार तर तीन. मग झाकण ठेवलं, पडदा ओढला, बाहेर बाकावर येऊन बसलो. मनात जरा निराशाच झाली, खरं सांगायचं तर. मला काहीतरी सापडायला हवं होतं.

ती वर आली, आत गेली आणि मिनिटभरात बाहेर आली.

"बाबा, तिसऱ्या डिटेक्टरनं काम सोडलं. लेझर बंद केला तरी मोजूनच राह्यला."

"म्हणजे?"

"अंधारातही तो सेकंदाला चारपाचशे चुकीच्या टिचक्या देतो, तेवढं चालते. आता सात लाख देऊन राह्यला. उजेड गेला त्यात. कोणीतरी—"

मी पुढचं ऐकलंच नाही. तरातरा चालत प्रमुखांच्या खोलीत गेलो. ते चहा पीत होते.

"काल संध्याकाळी पेचकस घेऊन काय करून राह्यलते तुमी आत?"

"बसा, आधी बसा."

"बसाले नाही आलो. एकाचं पान फाडून पोट भरलं नाही तुमचं? आता तिच्याही मशीनले हात घातला?"

"कोणतं पान?" ते म्हणाले. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं. ते पाहून मी आणखीच भडकलो. टेबलावर हात आपटला. चहा बशीत सांडला. कॉलेजचा म्हातारा शिपाई धावत आला. त्याच्या मागं, दारातच, समितीचे दोघं उभे होते. पांढऱ्या मिशांचे अध्यक्ष आणि एक तरुण प्राध्यापिका. ते नुकतेच गाडीतून उतरून जिना चढले होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

प्रमुखांनी खिशातून काळ्या चिकटपट्टीचं रीळ काढून टेबलावर ठेवलं. "काल स्टॅबिलायझरवरचा हिरवा दिवा झाकला मी. डब्याच्या फटीतून त्याचा उजेड आत जात होता, असं मॅडम म्हणत होत्या. दिव्याचं बूड सैल होतं, तेही आवळलं. मी आत गेलो ते एवढ्यासाठी." मग शिपायाकडं वळून म्हणाले, "आज सकाळी खोलीत कोण होतं?"

शिपाई माझ्याकडं पाहत म्हणाला, "किल्ली तं भाऊपाशीच व्हती जी. दुसरं कोणी गेलंच नाही. भाऊनं मले बी जाऊ देलं नाही."

माझ्या डोळ्यांपुढं ते भिंग आलं, त्यावर पडलेलं ऊन आलं. ज्या गोष्टीसाठी मी हा माणूस खाऊन टाकायला निघालो होतो ती माझ्या हातानं झाली होती.

तेवढ्यात मुलगी आली. तिनं अध्यक्षांना नमस्कार केला आणि सरळ सांगितलं, "सर, एका डिटेक्टरवर सकाळी उजेड पडला. तो बिघडलाय. खोली माझ्या ताब्यात होती. चूक माझी."

अध्यक्षांनी वही उघडली. लिहिताना म्हणाले, "हाताळणीत निष्काळजीपणा." तरुण प्राध्यापिकेनं मान खाली घातली. मुलगी माझ्याकडं पाहत नव्हती. तिला कळलं होतं. खोलीवर कोणाला बसवलं होतं, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

प्रमुख समोर होते. त्यांच्यासमोर, इतक्या वर्षांनी, पुन्हा त्याच कॉलेजात मी खोटा पडणार होतो, आणि या खेपेला खरंच खोटा. अध्यक्ष लिहीत होते. एक ओळ संपून दुसरी सुरू झाली.

"ते खोडा, साहेब," मी म्हणालो. "डबा म्या उघडला. पडदाही म्याच काढला."

"कशासाठी?"

"माल उन्हात पाहाची सवय हाय मले."

कोणी हसलं नाही. प्रमुखांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

अध्यक्षांनी खोडलं नाही, पण पेन थांबवलं. "ठीक आहे. पण आम्ही आज जे दिसेल त्यावरच अहवाल देणार. आम्हाला नागपूर गाठायचंय, एकला निघावं लागेल. चला, डबा उघडून पाहू काय झालंय ते."

"आता उघडता येणार नाही, सर," मुलगी म्हणाली. "तो बंद करून अंधारात थंड व्हायला ठेवलाय. थोडा सावरू शकतो. वेळ लागेल."

"किती?"

"दोन तास मिळाले तर..."

"अशक्य. उघडा. निदान पाहू तरी."

इथं मी पुन्हा मधे पडलो. पण या वेळी रागानं नाही. हे माझ्या धंद्यातलं काम होतं. गळ्यातला दुपट्टा काढला.

"साहेब, बैलबाजार पाह्यला कधी?"

"नाही."

"मंग पाहा." मी प्रमुखांसमोर गेलो. "सर, हात द्या."

ते बिचकले, पण हात पुढं केला. मी दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकला. तो हात पहिल्यांदाच माझ्या हातात होता. वाटलं होतं त्यापेक्षा म्हातारा, कोरडा. "आता भाव चालू हाय," मी अध्यक्षांना म्हणालो. "तुमाले वाटते, पाहावं आत काय चालू हाय. पण तुमी दुपट्टा उचलला की सौदा गेला. पुन्हा झाकून तोच सौदा होत नसते. म्या सकाळी तेच केलं. तुमी आता दुसऱ्यांदा नका करू."

बोलता बोलता मी दुपट्ट्याखाली प्रमुखांची दोन बोटं दाबली. दोन तास. मला वाटलं, त्यांना काय कळणार. पण त्यांचा हात फिरला. बैलाच्या दोरीची सवय असलेल्या हातासारखा फिरला. त्यांनी माझं एक बोट खाली मोडलं आणि दुसरं घट्ट धरलं. एक तास. मी दीडासाठी अर्ध्या बोटावर नख टेकवलं. त्यांनी मानच हलवली नाही, फक्त ते एक बोट आणखी दाबलं. मी सोडलं.

"सर," ते अध्यक्षांना म्हणाले, "तासभर द्या. तोवर माझा विभाग पाहा, कागदपत्रं पाहा. ती तशीही पाहावीच लागणार आहेत. बारा वाजता प्रयोग. तेव्हा जे दिसेल ते लिहा."

अध्यक्ष घड्याळ पाहून "बरं" म्हणाले. बाहेर पडताना प्रमुख माझ्या बाजूनं गेले आणि हळूच म्हणाले, "माझा बाप मला दर बाजाराला न्यायचा, भाऊ. दीडचं बोट मला कळलं होतं."

बाराला सगळे खोलीत गेले. मला कोणी जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. मी बाहेर बाकावर बसलो. दाराला आतून पडदा होता, त्यातून आवाज येत होते. मुलगी एकएक आकडा मोठ्यानं सांगत होती. "डिटेक्टर तीन, अंधारात, तीन लाख ऐंशी हजार." सातावरून चारच्या आत आला होता. मग लेझर सुरू झाला. दहा मिनिटं मोजणी. इतकी शांतता की मला पंख्याच्या कॉइलचा आवाज ऐकू येत होता.

"शून्य पूर्णांक बासष्ट."

अर्ध्याच्या वर. तरुण प्राध्यापिका म्हणाली, "मॅडम, चुकीच्या टिचक्या किती ते तुम्हाला माहीत आहे. त्या वजा करून दाखवा ना. आकडा चांगला येईल."

मी बाकावरून उठलो. म्हण हो, म्हण, असं मनात म्हणत होतो.

"वजा करून वेगळं दाखवते," मुलीचा आवाज आला. "पण आधी जो आला तो लिहा. तो बदलून दिलेला नको."

मग प्रमुखांचा आवाज. "पुन्हा घ्या. डिटेक्टर अजून उतरतोय."

दुसरी मोजणी. शिपाई माझ्याजवळ येऊन उभा राहिला, बिडीचा वास घेऊन. "काय म्हंते?" त्यानं विचारलं. मी बोट ओठावर ठेवलं.

"शून्य पूर्णांक त्रेपन्न."

खुर्ची सरकल्याचा आवाज. अध्यक्ष उठले असावेत. "बारा पस्तीस झाले."

"आणखी एक," मुलगी म्हणाली. तिनं विनवणी केली नाही. भाव सांगावा तसं सांगितलं. खुर्ची परत सरकली.

ती शेवटची दहा मिनिटं मी कशी काढली ते मला सांगता येत नाही. पडद्याची कड माझ्या हाताच्या अंतरावर होती. जरा बाजूला केली असती तर स्क्रीन दिसला असता. व्हरांड्यात टळटळीत ऊन होतं. मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसलो.

"शून्य पूर्णांक चव्वेचाळीस."

कोणी टाळी वाजवली नाही. आत पानं उलटली, पेन चाललं. पाच मिनिटांत अध्यक्ष बाहेर आले, माझ्यासमोर क्षणभर थांबले, माझ्या गळ्यातल्या दुपट्ट्याकडं पाहिलं आणि जिना उतरले.

अहवाल महिन्याभरानं आला. संच इथेच राहील, मुलीची नेमणूक होईल. हाताळणीतल्या निष्काळजीपणाची ओळ तशीच होती, पण तिच्या नावावर नव्हती. लिहिलं होतं, बाहेरच्या व्यक्तीकडून. आणि खाली अट: विभागाबाहेरच्या कोणालाही प्रयोगाच्या खोलीत प्रवेश देऊ नये.

ती सूचना प्रमुखांनी स्वतः दाराला लावली, त्याच काळ्या चिकटपट्टीनं. मी तिथंच होतो. तेव्हा मी त्यांना विचारून घेतलं. सोडियमचा दिवा, वही, फाडलेलं पान, सगळं सांगितलं. ते पट्टी दातानं तोडता तोडता ऐकत होते.

"नाही आठवत, भाऊ," ते म्हणाले. "तेव्हा खूप पानं फाडली मी."

"माझं खरं होतं."

"असेल."

एवढंच. मला वाटलं होतं ते काहीतरी बोलतील. त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला, कोपरे दाबले आणि वर्गावर गेले. तो राग अजून माझ्यापाशी आहे. तो मी कोणाला देऊन टाकलेला नाही.

आता संध्याकाळी तिला घ्यायला जातो तेव्हा त्या दाराबाहेरच्या बाकावर बसतो. आतून ती ओरडून आजचा आकडा सांगते. नवा डिटेक्टर बसल्यापासून आकडा शून्याच्या जवळच असतो. मी "बरं" म्हणतो आणि पडद्याकडं पाठ करून बसतो.